रानाकडेच्या शिवारात ट्रेल कॅमेरा: कोणता घ्यायचा, कुठे बांधायचा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, जांबोटी-कणकुंबीपासून लोंढा-नागरगाळीपर्यंत, भाताच्या लोंबीत दूध भरायला लागलं की राखण सुरू होते. माळ्यावर रात्र काढायची, डबा वाजवायचा, बॅटरी फिरवायची, आणि तरीही सकाळी एक कोपरा आडवा झालेला असतो. कोणी केला यावर गावात एकमत नसतं. कुणी डुक्कर म्हणतो, कुणी गवा, कुणी सांबर. प्रत्येकाचा उपाय मात्र वेगळा आहे. डुकरासाठी कुंपणाची सगळ्यात खालची तार महत्त्वाची, गव्यासाठी वरची. साळिंदर जमीन उकरून खालून येतं, त्याला तारेचं काही वाटत नाही. त्यामुळे हजारो रुपये कुंपणात घालण्याआधी येणारं जनावर कोणतं, कुठून येतं आणि किती वाजता येतं, हे पक्कं कळायला हवं. एक साधा ट्रेल कॅमेरा, म्हणजे झाडाला बांधून ठेवला की समोर जनावर हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, दोन-तीन आठवड्यांत ते सांगतो.

हे कॅमेरे मुळात अमेरिकेतल्या शिकारीच्या जमिनींसाठी बनतात. तिकडे ठराविक मोसमात हरणाची शिकार कायदेशीर असते, आणि नर कुठल्या वाटेने फिरतो हे आधीच कळावं म्हणून जमीनमालक ते लावतात. त्यामुळे मेनूमध्ये चंद्राची कला दिसते आणि पुस्तिकेत मका किंवा मीठ टाकून जनावर समोर आणायची सूचना असते. ती सूचना आपल्याकडे पाळू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. गवा, अस्वल, बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. कायदा बाजूला ठेवला तरी बांधावर मका टाकला की जो कळप वाट चुकून आला असता तो रोज यायला लागतो.

कोणता घ्यावा

खोक्यावर ३६ मेगापिक्सेल, ४के असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. त्याकडे बघू नका. स्वस्त कॅमेऱ्यातला सेन्सर बहुधा २ ते ५ मेगापिक्सेलचाच असतो, बाकीचे ठिपके सॉफ्टवेअर मधेमधे भरून काढतं. फाइल मोठी होते, कार्ड लवकर भरतं, आणि फोटोत नवं काहीच दिसत नाही. मेनूत ४ ते ८ मेगापिक्सेल निवडा, ओळख पटवायला ते भरपूर झालं.

बघायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. पहिली म्हणजे हालचाल जाणवल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ. तो अर्ध्या सेकंदाच्या आत हवा, नाहीतर वाटेने भरभर जाणाऱ्या डुकराची फक्त शेपटी मिळते. दुसरी, एक फोटो काढून पुढच्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ. डुकरं कळपाने येतात, पुढच्या मादीचा फोटो निघाला आणि मागची दहा पिल्लं गेली तर इतकं नुकसान का होतंय याचा अंदाज चुकतो. तिसरी, रात्रीचे दिवे. ८५० नॅनोमीटरचे अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे लांबवर पोचतात, पण पेटताना मंद लाल ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचे दिवे डोळ्यांना दिसतच नाहीत, मात्र त्यांचा पल्ला कमी आणि फोटो जरा दाणेदार. पाणंदीजवळ किंवा चोरीची भीती असेल तिथे ९४० घ्या, आतल्या बांधावर ८५० चांगला. चौथी, आत छोटा पडदा असावा. तो नसेल तर चौकट नीट बसली की नाही हे कळायला कार्ड काढून दुसरीकडे बघत बसावं लागतं. पाचवी, बाहेरून बॅटरी जोडायचं भोक. स्वस्तात हे नसलेला कॅमेरा मिळतो, पण आपल्या पावसाळ्यात त्याची उणीव फार जाणवते.

ऑनलाइन ४ ते ८ हजारांत या अटी पुऱ्या करणारा कॅमेरा सापडतो. दोन स्वस्त कॅमेरे एका महागड्यापेक्षा जास्त उपयोगी, असं माझं ठाम मत आहे, कारण जनावर आत कुठून येतं आणि बाहेर कुठून जातं या दोन वेगळ्या जागा असतात.

सिमकार्डवाल्या कॅमेऱ्यांबद्दल दोन शब्द. परदेशी बाजारासाठी बनलेले ४जी कॅमेरे घेताना त्यांचे बँड, म्हणजे ते पकडतात ते मोबाइल लहरींचे पट्टे, तपासा. आपल्याकडे जिओ बँड ३, ५ आणि ४० वर चालतं, एअरटेल मुख्यतः १, ३, ८ आणि ४० वर. फक्त २, ४, १२, १३ असे अमेरिकी बँड असलेला कॅमेरा इथे मुका राहतो. जुने ३जीवाले तर घेऊच नका. दुसरा प्रकार म्हणजे हल्ली सगळीकडे दिसणारा सौरपट्टीचा फिरता सीसीटीव्ही. खानापूर, बिडी, इटगीकडच्या मोकळ्या रानात तो ठीक चालतो, मोबाइलवर लगेच खबर येते. पण रेंज ज्या वाडीत एका दगडावर उभं राहिल्यावरच मिळते तिथे त्याचा उपयोग नाही, आणि जून ते सप्टेंबर ढगांमुळे पट्टी बॅटरी भरत नाही. शिवाय त्याचा पांढरा दिवा पेटला की जनावर त्या कोपऱ्यातून न येता शेजारच्या कोपऱ्यातून येतं, मग माहिती गोळा व्हायचीच थांबते. हेमाडगा, तळेवाडीकडच्या गावांना कार्डवाला साधा कॅमेराच बरा.

सेल आणि कार्ड

बहुतेक तक्रारींचं मूळ कॅमेऱ्यात नसतं, सेलमध्ये असतं. रिमोटला किंवा भिंतीवरच्या घड्याळाला घालतो ते स्वस्त कार्बन-झिंक सेल इथे घालू नका. रात्री दिवे पेटताना एकदम मोठा प्रवाह लागतो, तो त्यांना देता येत नाही. दिवसा फोटो छान, रात्री फोटो काळा किंवा कॅमेरा मधेच बंद, असं झालं तर आधी सेलच बदलून बघा. शिवाय असे सेल गळतात आणि स्प्रिंगांवर हिरवट मीठ चढतं.

अल्कलाइन सेल चालतात. त्यांचा विजेचा दाब (व्होल्टेज) हळूहळू उतरतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत रात्रीचा पल्ला कमी होतो. पुन्हा भरता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असतात. ८ सेलचे मिळून ९.६ व्होल्ट होतात, अल्कलाइनचे १२. काही कॅमेरे एवढ्यावर बॅटरी संपत आल्याची सूचना देतात, तर काहींच्या मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय असते. घेण्याआधी हे विचारा. पडून राहिले तरी न उतरणारे २००० मिलिअँपिअर-तासांचे सेल घेतले तर वर्षानुवर्षांचा खर्च वाचतो. नवे-जुने सेल एकत्र घालू नका. एक मेलेला सेल बाकीच्या सातांना घेऊन जातो.

बाहेरची बॅटरी हवी असेल तर ती घरातच सापडेल. पाठीवरच्या फवारणी पंपात बहुधा १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची बॅटरी असते. कॅमेऱ्याच्या भोकाशेजारी ६ लिहिलंय की १२ हे आधी वाचा. ६ व्होल्टच्या कॅमेऱ्याला १२ व्होल्ट जोडले की तो तिथेच संपला. पिनेचा मधला भाग धन की ऋण हेही तपासा आणि धन तारेत २ अँपिअरचा फ्यूज घाला. बॅटरी झाकणवाल्या प्लास्टिकच्या डब्यात, जमिनीपासून वर, दगडावर ठेवा. तार पाइपमधून न्या, नाहीतर उंदीर-घुशी कुरतडतात.

कार्ड ३२ जीबीचं, क्लास १०, ओळखीच्या कंपनीचं घ्या. त्याहून मोठं कार्ड कॅमेरा वाचतोच असं नाही. मोबाइलचं छोटं कार्ड खोळीत घालून वापरलं तर दमट हवेत संपर्क सुटतो, पूर्ण आकाराचंच कार्ड वापरा. पहिल्यांदा कॅमेऱ्याच्याच मेनूतून फॉरमॅट करा. कार्डाच्या बाजूची छोटी खटकी कुलपाच्या बाजूला सरकलेली असेल तर एकही फोटो उतरत नाही.

जागा

कॅमेरा स्वस्त असला तरी चालतो, जागा चुकली तर काहीच चालत नाही. शेताच्या मधे, पीक खाल्लेल्या जागी बांधू नका. तिथे जनावर कुठूनही फिरतं. ते आत शिरतं ती फट शोधा. ओढ्याकडून बांध चढणारी घसट, उसाच्या सरीतून निघालेला बोगदा, वनखात्याच्या चरीत माती ढासळून झालेली पायरी. काटेरी तार असेल तर तिचा सर्वांत खालचा पदर ओणवं होऊन बघा. काट्याजवळ वाळलेला लाल चिखल आणि त्यात अडकलेले दोन-चार राठ काळे केस दिसतात का? केस उजेडात धरा. टोकाला फाटे फुटलेले असले तर ते डुकराचेच. खाली ओल्या मातीत खूर बघा. दोन नखांच्या मागे बाहेरच्या बाजूला दोन लहान टिंबं उमटली असतील तर डुक्कर, आणि तळहाताहून मोठा, गोलसर, खोल खूर असेल तर गवा. अशी खूण सापडली की तिथेच.

आता कॅमेरा कसा बघतो ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळतं. पुढच्या पांढऱ्या फुगीर काचेमागे उष्णता जाणणारा सेन्सर असतो. त्याचं क्षेत्र उभ्या पट्ट्यांत विभागलेलं असतं, आणि अंग एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत गेलं की तो चाळवतो. म्हणून समोरून आडवं जाणारं जनावर लगेच पकडलं जातं, सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने चालत येणारं मात्र अगदी जवळ येईपर्यंत जाणवत नाही. पण अगदी काटकोनात बांधला तर जनावर चौकटीतून झटकन निघून जातं. वाटेशी साधारण ४५ अंशांचा कोन दोन्ही साधतो. वाटेपासून अंतर ३ ते ५ मीटर ठेवा. दोन मीटरवर बांधला तर रात्री अंग पांढरं फट्ट येतं, दहा मीटरवर बांधला तर स्वस्त कॅमेऱ्याच्या दिव्यात नुसत्या डोळ्यांच्या चमका मिळतात.

उंची जनावरावर ठरते. पुस्तिकेत छातीच्या उंचीवर असं असतं, ते तिकडच्या हरणासाठी. डुक्कर, साळिंदर, बिबट्या यांच्यासाठी ४५ ते ६० सेंटिमीटर पुरे. गव्यासाठी ९० ते १०० ठेवा. आपल्याकडे जमीन उताराची असते, तेव्हा उंची कॅमेऱ्याखालच्या जमिनीवरून मोजू नका, जनावर चालेल त्या वाटेच्या पातळीवरून मोजा. चोरीची धास्ती असेल तर तीन मीटरवर चढवून तोंड खाली झुकवा आणि वरच्या कडेमागे लाकडाची पाचर ठोका. ओळख थोडी अवघड जाते, पण कॅमेरा राहतो.

तोंड उत्तरेकडे असावं. पूर्व-पश्चिम ठेवला तर सकाळ-संध्याकाळ सूर्य थेट सेन्सरमध्ये येतो, आणि हिवाळ्यात दक्षिणेकडूनही तोच त्रास.

खांब हलता कामा नये. बारीक निलगिरी, बांबू, कोवळा साग वाऱ्यात डुलतात आणि एका रात्रीत शेकडो रिकामे फोटो निघतात. काजूचं जुनं खोड उत्तम. झाड नसेल तर दीड इंची लोखंडी पाइप दोन फूट पुरून त्यावर बांधा. समोरच्या तीन-चार मीटरमधलं गवत, रानमोडी, लोंबती फांदी साफ करा. सागाचं एक रुंद पान जवळ हललं तरी कॅमेरा फसतो, आणि रात्री तेच पान दिवा परतवून सगळा फोटो पांढरा करतं. दिव्याचा उजेड जवळच्या पानावरच पडला की मागचं रान काळंच राहतं.

बांधून झालं की चाचणीचा मोड लावा. आधी उभं राहून वाटेवरून चाला, मग हातापायांवर रांगत जा. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा रांगतानाही लुकलुकला तरच डुक्कर पकडलं जाईल. फक्त उभं असताना लुकलुकत असेल तर तोंड खाली झुकवा.

सेटिंग सोपं आहे. सुरुवातीला व्हिडिओ नको, एका हालचालीला तीन फोटो आणि मधे ३० सेकंदांची विश्रांती. रात्रीच्या व्हिडिओत दिवे सतत पेटलेले राहतात, सेल झपाट्याने उतरतात. जनावर कुठून शिरतं हे कळलं की मग आठवडाभर १० सेकंदांचे व्हिडिओ लावून ते तार कशी ओलांडतं ते बघावं. संवेदनशीलता नोव्हेंबर-डिसेंबरात मध्यम पुरते. एप्रिल-मे मध्ये दुपारची हवा आणि जनावराचं अंग यांच्या तापमानात फरक फारसा राहत नाही, तेव्हा ती वाढवा. फोटोवर तारीख-वेळ छापून यायला हवी, दिवस-महिना-वर्ष याच क्रमाने. पुढे कागदपत्रांत ती लागते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदा जाऊन बघा, नंतर दोन-तीन आठवड्यांनीच. रोज गेलं की आपला वास त्या फटीवर राहतो. जाताना फॉरमॅट केलेलं दुसरं कार्ड घेऊन जा, अदलाबदल करा आणि निघा.

पाऊस, मुंग्या, माकडं

कणकुंबीकडचा पाऊस हे कॅमेरे बनवणाऱ्या कारखान्यांनी पाहिलेला नाही. खोक्यावर आयपी६६ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका. कॅमेरा उघडला की झाकणाच्या कडेची रबरी पट्टी बोटाने पुसून बघा. भाताच्या तुसाचा एक कण किंवा जांभ्याची बारीक खडी तिथे राहिली तरी तेवढ्या फटीतून रात्रभरात वाफ आत शिरते आणि सकाळी काचेच्या आतून धुकं येतं. पट्टीला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, खोबरेल तेल नको, ते मुंग्यांना बोलावतं. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा, दर खेपेला बदला. वर पाच लिटरच्या तेलाच्या डब्याचा अर्धा कापलेला भाग छत म्हणून पुढे तीन-चार इंच काढा. तो चौकटीत येत नाही ना, आणि रात्रीचा उजेड त्यावरून परतत नाही ना, हे पडद्यावर बघून घ्या.

मुंग्या उबेसाठी आत घर करतात, माइकच्या बारीक भोकातून शिरतात. आवाज नको असेल तर त्या भोकावर टेप लावा आणि खांबाला ग्रीसचं एक कडं ओढा. कोळी काचेसमोर जाळं विणतो, ते रात्री पांढऱ्या दोरीसारखं दिसतं. फडक्याने पुसण्यापलीकडे त्याला उपाय नाही.

माकडं पट्टा सोडवतात, अस्वल नाक लावून ओढून बघतं. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून १४ गेजच्या पत्र्याची पेटी करून घ्या. पुढे काच, सेन्सर आणि दिवे यांच्यासाठी मोकळी खिडकी, मागे दोन बोल्ट, बाजूला कुलपाची कडी. खिडकीवर काच किंवा प्लास्टिक बसवू नका, उष्णता त्यातून पलीकडे जात नाही आणि कॅमेरा आंधळा होतो. पेटी चमकती नको, मातकट रंग द्या. चंदगड, तिलारीकडे हत्तींचा वावर आहे, तिथे पेटीचाही भरवसा नाही. वाटेच्या जरा आत, जाड खोडामागून डोकावेल असा बांधावा.

फोटो हाती आल्यावर

एका वहीत तारीख, वेळ, जनावर, किती, कुठून कुठे एवढंच उतरवा. दोन-तीन आठवड्यांत नक्षी दिसायला लागते. डुकरं ओढ्याच्या एकाच फटीतून रात्री दहा ते बारा येत असतील तर रात्रभर चार कोपऱ्यांची राखण करण्यात अर्थ नाही, त्या फटीवर तेवढा वेळ माणूस बसला तरी पुरतं. झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचे थोडक्यात झटके सोडणारं यंत्र) लावणार असाल तर डुकरासाठी खालची तार २० ते २५ सेंटिमीटरवर आणि दुसरी ४५ च्या आसपास. गवा असेल तर वरच्या तारा दीड मीटरपर्यंत न्याव्या लागतात. तारेखालचं गवत कापत राहा, ते टेकलं की झटका जमिनीत जातो. हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइन थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्या तारेला पहाटे पाणी पाजायला निघालेला शेजारीही चिकटतो. फोटोत शेजाऱ्याची गुरं किंवा गावातली कुत्री निघाली तर तंटा न करता तो फोटो दाखवून बोलता येतं, हाही कॅमेऱ्याचा मोठा फायदा.

नुकसानभरपाईसाठी आपला गाव कुठल्या वनपरिक्षेत्रात येतो ते विचारून तिथल्या कार्यालयात लवकरात लवकर अर्ज करा. सोबत उतारा, आधार, पासबुक, नुकसानीचे दिवसा उजेडी काढलेले फोटो आणि कॅमेऱ्यातला तारीख छापलेला फोटो. कॅमेऱ्याचा फोटो पंचनाम्याची जागा घेत नाही, पण कुठल्या जनावराने खाल्लं हा वाद मिटवतो. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेला तर काम लवकर हलतं. लिहिता येणारा कुणी गावात असतोच.

कॅमेरा स्वतःच्या मालकीच्या जमिनीतच बांधा. वनहद्दीच्या दगडापलीकडच्या झाडावर बांधायला परवानगी लागते, आणि २०११ पासून अभयारण्य असलेल्या भीमगडच्या हद्दीत विनापरवाना पाऊल टाकणंही चालत नाही. बायका पाण्याला, कपड्यांना किंवा सकाळी जातात त्या वाटेकडे कॅमेऱ्याचं तोंड कधीच नको. पाणंद चौकटीत येत असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगा आणि खांबावर मराठीत व कन्नडमध्ये पाटी लावा. माणसांचे फोटो निघालेच तर पुसून टाका. फास किंवा बंदूक घेऊन फिरणारा कुणी दिसला तर तो फोटो पुसू नका, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावरही टाकू नका, थेट वनरक्षकाकडे द्या. बिबट्या किंवा वाघ दिसला तर वनखात्याला कळवा आणि जवळच्या घरांना सावध करा, पण जागेच्या नावासकट फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. तो फोटो फास लावणाऱ्यांच्या मोबाइलवरही पोचतो.

सुगी आटोपली की कॅमेरा काढून सेल बाहेर काढा, स्प्रिंगा कोरड्या फडक्याने पुसा, रबरी पट्टीवर दाब राहू नये म्हणून झाकण अर्धवट उघडं ठेवून कोरड्या डब्यात घाला. काजूच्या मोसमात पुन्हा बांधताना सेल घातल्यावर आधी घड्याळ लावा. सेल काढलेला कॅमेरा बहुतेक वेळा वर्ष विसरतो, आणि चुकीच्या तारखेचा फोटो अर्जाला जोडता येत नाही.